सव्वा तासाचं पुणे

त्या प्रकरणाची आठवण निघाली की निवृत्तीनंतर आजही माझं डोकं तापतं. इंदूरच्या एका ठाण्याचा मी टीआय, म्हणजे प्रभारी होतो. राजेंद्र नगरातल्या एक निवृत्त शिक्षिका दुपारी घराच्या जिन्याखाली रक्तबंबाळ सापडल्या. त्यांना सांभाळणारी बाई औषधं आणायला गेली होती. परत येऊन तिनेच त्यांना इस्पितळात पोचवलं. आजी शुद्धीवर आल्या आणि म्हणाल्या, "घसरले."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून त्यांचा मुलगा ठाण्यात आला. मोठ्या कंपनीत नोकरीला. रात्रभर गाडी चालवून आलो म्हणाला आणि टेबलावर हात आपटला, "त्या बाईनेच ढकललं. अटक करा!"

बाई रडत होती. "साहब, मैं तो दवाई लेने गई थी." मी तिला अटक केली नाही, पण चौकशीला बसवावं लागलं.

तेवढ्यात आजींच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. "साहेब, काल दुपारी त्यांचा मुलगाच गेटातून निघाला. मी आवाज दिला, तर ऑटोत बसून निघून गेला."

आमचे हेड कॉन्स्टेबल हसले. "साब, काल संध्याकाळी तो पुण्यात पार्टीत होता, त्यानेच फोटो दाखवला. सहाशे किलोमीटर! टाइमच नाही बसत."

"सडकेने नाही बसत," मी म्हणालो आणि विमानतळावर चौकशी करायला माणूस पाठवला. आदल्या दिवशी सकाळच्या विमानाने येऊन मुलगा दुपारच्या विमानाने परत गेला होता. कॅमेऱ्यात चेहरा स्पष्ट होता.

मी त्याला समोर बसवलं. "पुणे किती लांब?"

"बारा-तेरा तास."

"आणि विमानाने?"

त्याने टेबलावरचा हात खाली घेतला.

"सव्वा तास. काल किती वाजता आलात?"

मग त्याने सांगून टाकलं. घर विकायच्या कागदावर आई सही करेना. झटापटीत त्याने तिला ढकललं.

"ती पडल्यावर तिला का नाही उचललंत?"

"थांबलो असतो तर फ्लाइट सुटली असती."

इतक्या वर्षांच्या नोकरीत आरोपीवर हात उचलावासा वाटला तो फक्त त्या क्षणी. मी खुर्ची मागे सारून बाहेर गेलो.

इस्पितळात आजी पुन्हा तेच म्हणाल्या, "घसरलेच हो मी."

"आजी, तुमच्या मुलाने त्या बाईचं नाव घेतलंय. ती सकाळपासून ठाण्यात बसलीये."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "लिहून घ्या जबाब. त्यानेच ढकललं. आणि तिला आधी घरी पाठवा, तिने काही खाल्लं नसेल."

मुलाला अटक झाली, पुढे शिक्षाही. जबाबावर सही करताना आजी मला सांगत होत्या, "तो लांब असतो ना, म्हणून येणं होत नाही त्याचं." कॉलनीत सगळ्यांना त्या वर्षानुवर्षं हेच सांगत आल्या होत्या. तेव्हापासून कुणी म्हणालं, साहेब, मुलगा लांब असतो, की मी आधी विचारतो, स्वतःचं काम असलं की त्याला यायला किती वेळ लागतो?