चिमाजीचा नारळ

घाटघरात कुणाला साप चावला की त्याला आधी चिमाजीच्या ओट्यावर आणून निजवायचं, हा पिढ्यांचा रिवाज. चिमाजी मंत्र म्हणून विष उतरवायचा. ही विद्या त्याला बापाकडून आलेली आणि तिचे नियम कडक होते. कुणाचा पैसा घ्यायचा नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि थकलं की नागपंचमीला वारसाच्या ओंजळीत नारळ ठेवून मोकळं व्हायचं. चिमाजीला मुलगा नव्हता. मुलगी होती, नूतन, आणि ती निघाली डॉक्टर व्हायला. गावानं तोंडात बोटं घातली. चिमाजी मात्र मंचरच्या बाजारात, ओळख ना पाळख अशा माणसालाही थांबवून सांगायचा, "पोरगी एमबीबीएसला हाय."

एका सुट्टीत जेवताना ती सहज बोलून गेली, की बिनविषारी साप चावलेला मंत्राशिवायही जगतो आणि विषारी चावलेला मंत्रानं वाचत नाही. चिमाजीनं ताट बाजूला सारलं. पोरीचा राग आला नाही. इतकी वर्षं आपण नक्की कुणाला वाचवलं, या विचारानं तो हादरला.

यंदा भाताच्या आवणीत, रोपं लावताना, शेजारच्या रत्नाला घोणस चावली. लोकांनी तिला उचलून ओट्यावर आणलं. अख्खं गाव बघत होतं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. चिमाजीनं पायाला दोरी बांधू दिली नाही. "मंतर म्हणतो," तो म्हणाला, "पण जीपमंदी बसून. गाडी काढा."

जुन्नरच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा नूतन इंटर्न होती. मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिनं सलाईन लावलं, विषावरचं औषध सुरू केलं. चिमाजी बाहेर निघाला, तशी ती म्हणाली, "बाबा, थांबा. हिचा हात धरा. तुमी बोलत असला की ही घाबरत न्हाई." चिमाजी रत्नाच्या उशाशी बसून राहिला.

रत्ना आपल्या पायांनी घरी गेली. नागपंचमीला चिमाजी धुतलेलं धोतर नेसून दवाखान्यात हजर. वॉर्डात, नर्सबाईंच्या देखत, त्यानं लेकीच्या ओंजळीत नारळ ठेवला आणि सगळे नियम पुन्हा एकदा बजावून सांगितले. नूतन पाया पडली.

परतताना तो दवाखान्यासमोर एसटीत चढला, तसं शेजारच्या पावण्यानं विचारलं, दवाखान्यात कोण आजारी? चिमाजीनं टोपी सारखी केली.

"कुणी न्हाई. मी नुसता मंतर म्हणायचो, भाऊ. माझी लेक इख उतरवती."