फिका निळा पट्टा

धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो, आणि तोंडाचा भलताच फाटका. संशोधक नमुने आणायचे, आम्ही त्यातली प्रथिनं वेगळी करून दाखवायचो.

नव्वद साल उजाडायच्या आधी पहूरची एक मुलगी आमच्याकडे यायची. आजारी हृदयाच्या स्नायूत कोणतं प्रथिन कमी होतं, हे तिला शोधायचं होतं. तुलनेला निरोगी हृदय हवं, म्हणून बकऱ्याचं. ते आणायचं काम माझं. बकरं कापतात तिथं स्वतः उभं राहायचं आणि हृदय लगेच बर्फात घालायचं, असा नियम. हिवाळाभर मी राहिलोही उभा. मग एप्रिल लागला. धुळ्याचं ऊन, बापरे! खाटीकचाचांना म्हटलं, "चाचा, तुम्हीच नीट ठेवा, मी दहाला येऊन नेईन."

तेव्हापासून तिचं काम बिघडलं. प्रथिनं जेलच्या पातळ थरात पसरवून त्यावर निळा रंग चढवला की त्यांचे पट्टे उमटतात. त्यातला सगळ्यात ठळक हवा तोच पट्टा फिका यायचा. निरोगी नमुनाच असा, तर तुलना कशाशी करणार? जूनअखेर प्रबंध द्यायचा होता. बिचारी डबा न उघडता पुन्हा पुन्हा तेच करायची. एके दिवशी माझं डोकं सटकलं. सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई गं, तुझ्या हाताला हे काम नाही. उगाच जेल नासवू नको, घरी जाऊन पापड लाट!"

तिनं काचेची भांडी घासली, जागेवर लावली आणि गेली. परत आलीच नाही.

पुढं दुसऱ्या कुणासाठी हृदय हवं होतं. त्या दिवशी जरा लवकर पोचलो. चाचा हृदय उभं चिरून त्याला मीठ चोळत होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "उन्हायामा बिघडी जास ना भाऊ, म्हनीसन मीठ लाई ठेवस. मंग धुई देस." उन्हाळ्यात बिघडू नये म्हणून भल्या माणसानं जपूनच ठेवलं होतं. पण तो पट्टा ज्याचा, ते प्रथिन मिठाच्या पाण्यात विरघळतं, आम्हीच रोज तसं काढायचो. चाचा ते आधीच धुऊन टाकत होते.

तिचा पत्ता रजिस्टरात होता. पत्र लिहायला किती वेळ लागतो? नाही लिहिलं. लाज वाटली, दुसरं काय!

काही वर्षांनी भुसावळला एका लग्नात ती भेटली. शाळेत विज्ञान शिकवत होती. माझ्या पाया पडली.

"भाऊ, तुम्ही तेव्हा तोंडावर बोललात ते बरं झालं," ती म्हणाली. "नाहीतर मी झटतच बसले असते. आता वर्गात प्रयोग दाखवायचा असला, तर दुसऱ्या सरांना बोलावते. माझा हातच तसा नाही ना."

आयुष्यात कुणाला बोलायला कचरलो नाही मी. तिला एवढंच म्हणालो, "जेवून घे, पंगत बसतेय."