‘बाई, समजलं का?’

तात्यासाहेब गेल्याचं मला पुण्यात कळलं. वडिलांचं कार्ड आलं होतं. आधी घरची खुशाली, मग पावसानं दिलेली ओढ, आणि अगदी खाली, जागा संपत आल्यावर एक ओळ... ‘तुझे तात्यासाहेब परवा वारले, सुटले म्हणायचे.’ कार्ड पुस्तकात ठेवून मी लेक्चरला गेले. रडू आलं नाही. पुढं नगरला कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत शोकसभा झाली. मी मागच्या बाकावर बसले होते. जो उठेल तो त्यांना ‘अबलांचा कैवारी’ म्हणत होता, आणि तेव्हा मी मधूनच उठून बाहेर आले. दुःखानं नव्हे, रागानं. त्यांच्या हाताखाली शिकलेली एकमेव मुलगी म्हणून त्यांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या पुरवणीच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं आहे. ‘मनापासून लिहा,’ म्हणाले. तसंच लिहिते.

दोन वर्षांपूर्वी कायद्याची पहिली परीक्षा देऊन मी सुट्टीत घरी आले होते. सुट्टीत एखाद्या वकिलाकडे बसून काम पाहा, असं कॉलेजात सांगितलं होतं. मुलांना लगेच जागा मिळाल्या. मला नगरातल्या कुणी नाही म्हटलं नाही. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाले, आणि बहुधा अजून विचारताहेत. तात्यासाहेबांनी मात्र वडिलांना बोलावून घेतलं. ‘मुलीला टेबलाच्या या बाजूला बसवू की त्या?’ त्यांनी हसत विचारलं. वडील म्हणाले, ‘तुमच्या बाजूला.’ मी तिथंच उभी होते. मला विचारलं नाही हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही, इतका आनंद झाला होता.

आणि त्यांनी खरंच शिकवलं, हेही लिहायला हवं. लढाईमुळं कागद मिळत नव्हता, म्हणून जुन्या अर्जांच्या कोऱ्या पाठीवर माझ्याकडून मसुदे लिहून घेत. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळं माझं कायद्याचं मराठी कच्चं होतं, तर एकेक शब्द समजावून सांगत. कोर्टात मला स्वतःच्या मागच्या खुर्चीवर बसवत. एकदा एक वकील मोठ्यानं म्हणाले, ‘काय तात्या, चहा करायला माणूस ठेवलंत का?’ तात्यासाहेब म्हणाले, ‘चहा मीच करतो. ही तुमचे अर्ज वाचते आणि हसते.’ त्या दिवशी मी घरापर्यंत जवळजवळ धावत गेले होते.

त्यांची कचेरी म्हणजे घराचीच पुढची खोली. टेबल, अशिलांसाठी लांब बाक, आणि मधल्या खोलीच्या दारावर हिरवा छापील पडदा. बाई अशील आली की ती त्या पडद्याआड सतरंजीवर बसायची. बोलायचं ते तिला घेऊन आलेल्या पुरुषानं, या बाजूला, बाकावर. ‘बाईमाणसाला चारचौघांत उघडं बसवणं मला पटत नाही,’ असं ते म्हणत. त्यांच्या लेखी हा बाईचा मान होता. गावोगावची माणसं याच मानासाठी आपल्या बायकांना त्यांच्याकडे आणत. मी बाई असल्यामुळं मधूनमधून माझी रवानगी पडद्याआड होई, आतल्या बाईला सोबत म्हणून आणि तिचं म्हणणं लिहून घ्यायला.

राखमा मला तिथं भेटली. साधारण माझ्याच वयाची. कोल्हारला नवरा वारला आणि दिरानं तिची खोली कडब्यासाठी लागते म्हणून तिला बाहेर काढलं. तिचा भाऊ धोंडिबा तिसगावचा. त्यानं तिला नगरला आणून दिरावर पोटगीचा आणि राहत्या जागेचा दावा लावला होता.

‘तुमी वकील व्हनार?’ तिनं मला पहिलं हेच विचारलं.

‘हो... म्हणजे, बघू.’

‘बघू काय? व्हनार म्हना. तुमी मराठीच बोलता, पन परवानगी मागत मागत.’

मला हसू आलं. घरात मला असं कुणी बोललं नव्हतं. मग मी विचारलं, तुला नक्की काय हवं? ती म्हणाली, ‘अख्खं घर नगं मला. एक खोली, एक चूल. अन् दार. आतून कडी लावता यील असं दार. मालक हुते तवा दुपारची कडी लावून घटकाभर पडायचे. कुनी हाक मारली तर उठायचं का न्हाई, ते मी ठरवायचे. भावाच्या घरातली समदी दारं भावजयीची.’ मी हे शब्दन् शब्द लिहून तात्यासाहेबांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे तिचं.’

पण पुढच्या तारखेला धोंडिबा आणि दीर कोर्टाबाहेरच्या हॉटेलात चहा पिऊन तडजोड ठरवूनच आले. दिरानं दरसाल धोंडिबाच्या घरी ज्वारी पोचवायची, राखमानं खोलीवरचा हक्क सोडायचा आणि भावाकडे राहायचं. दिराला खोली मिळाली, भावाला ज्वारी मिळाली आणि शेतावर राबायला माणूस मिळालं. मी तात्यासाहेबांना म्हटलं, हे तिला नको होतं. ‘भाऊ आहे तो, वैरी नाही,’ ते म्हणाले.

दुपारी त्यांनी तडजोड वाचून दाखवली. पडद्याकडे तोंड करून, सावकाश, सोप्या मराठीत. एकेक कलम संपलं की विचारायचे, ‘बाई, समजलं का?’ आणि बाकावरून धोंडिबा म्हणायचा, ‘व्हय जी, समजलं.’ पुढचं कलम. ‘बाई, समजलं का?’ ‘व्हय जी.’ राखमा माझ्या शेजारी सतरंजीची कड मुठीत धरून बसली होती. ‘बोल ना,’ मी कुजबुजले. तिनं मान हलवली. ‘त्यो बसलाय ना तितं. सांजच्याला त्येच्याच घरी जायाचंय मला.’

मी पडदा बाजूला सारून बाहेर आले. चार माणसांसमोर आवाज काढायची मला सवय नाही. तरी म्हटलं, ‘तात्यासाहेब, उत्तर तिनं दिलेलं नाही.’ धोंडिबा हसला. ‘वकीलसाहेब, ह्या बाई कुनाच्या बाजूच्या वो?’ तात्यासाहेब रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, ‘बाळ, पडदा सोड. आत बाईमाणूस आहे.’ मी बाहेर उभी होते, सगळ्यांच्या समोर. मग मी कोण होते?

शाईची गादी आणि कागद पडद्याखालून आत सरकले. अंगठा उमटलेला कागद पडद्याखालूनच बाहेर आला. जाताना मी त्यांना विचारलं, ‘तिला कुठं विचारलंत?’ ‘विचारलं ना, तुझ्यासमोर. प्रत्येक कलमाला विचारलं,’ ते म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. खोटं बोलत असते तर मी त्यांना मनातून काढून टाकू शकले असते...

गेल्या वर्षी मावशीकडे तिसगावला गेले होते, तेव्हा बाजारात राखमा अंडी विकत बसलेली दिसली. कुठं निजतेस, मी विचारलं. ‘वसरीला, शेरडांजवळ,’ ती म्हणाली. ‘शेरडांच्या खोपटाला बी कडी हाय बरं का, पन भाईरनं.’ आणि स्वतःच हसली. मला हसता आलं नाही.

तात्यासाहेबांना मी शेवटचं पाहिलं ते अर्धांगवायूचा झटका आल्यावर. वाचा गेली होती, नजर मात्र जागी होती. ‘कसं वाटतंय?’ मी त्यांना विचारलं. त्यांचे चिरंजीव मधुकरराव, तेही वकील, म्हणाले, ‘आज बरं वाटतंय त्यांना.’ पाणी हवंय का? ‘नको, आत्ताच दिलंय.’ तात्यासाहेबांचा धड हात चादरीवर आपटत होता, काय नको होतं, काय हवं होतं, कुणास ठाऊक. मी वाकून म्हटलं, ‘तुम्ही सांगा, मी थांबते.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी एकदा पडद्याआड पाहिली होती. मला त्यांची दया आली, आणि राग जराही कमी झाला नाही.

शोकसभेनंतर कचेरीत गेले. मधुकरराव म्हणाले, ‘तात्यांची आठवण म्हणून काहीतरी न्या. पुस्तकं न्या.’ मी म्हटलं, पडदा द्या. ‘पडदा? तो कशाला?’ मी उत्तर देणार, तोच बाकावरचा एक अशील बोलला, ‘लेकीवानी हुत्या त्या. आठवन नगं व्हय?’ तिथंही माझं उत्तर दुसऱ्यानंच दिलं. मधुकररावांनी पडदा काढून, घडी घालून दिला. दुसऱ्या दिवशी त्या दारावर नवा पडदा लागला, असं ऐकते.

जुना माझ्या ट्रंकेत आहे. धुतला तरी त्याच्या खालच्या काठावर शाईचा निळा डाग आहे, अंगठ्याएवढा. सनदेसाठी माझा अर्ज गेला आहे. वडिलांनी घराची पुढची खोली मला कचेरीसाठी दिली आहे. तिच्या दाराला आतून कडी आहे आणि पडदा नाही. ती तडजोड मोडता येईल की नाही, मला अजून माहीत नाही. मोडणं अवघड आहे, एवढं पुस्तकांत वाचलं आहे. मावशीकरवी राखमाला भेटायला ये म्हणून निरोप धाडला होता. तिचा उलट निरोप आला, ‘संगं कुनाला आनू?’

मी कळवलं, कुणालाही आणू नकोस.