बेदाण्याचा रस

लेंत, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, सुरू झाला की आमच्या घरात शांतता नांदते, आणि ती संपणार याचीच मला धास्ती असते. पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, आमचे हे दारू सोडतात. फौजेतून निवृत्त झाल्यापासूनचा हा नेम. सोडतात म्हणजे खरंच सोडतात, थेंबाला शिवत नाहीत. सकाळी बायबल वाचतात तेही परेडला हुकूम द्यावा अशा आवाजात, अर्धं कोरेगाव जागं व्हावं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांना त्याचं मोठं कौतुक. पाळकसाहेब एकदा उपदेशातच म्हणाले, निग्रह असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकलं. मला ठाऊक होतं, ईस्टरचं जेवण झालं, पाहुणे पांगले, की संध्याकाळी पायरीवरच्या यांच्या चपला गुत्त्याकडे नाहीशा होणार.

म्हणून मला ईस्टर नको वाटतो. ख्रिस्त उठला म्हणून सगळे गातात आणि मी घड्याळाकडे बघते. देवा, हा लेंत लांबव, असं मी प्रार्थनेत मागते. असलं मागणारी ख्रिस्ती बाई मी एकटीच असेन. रागही येतो, त्यांचा आणि देवाचाही. चाळीस दिवस तुझे आणि उरलेलं वर्ष गुत्त्याचं, ही कसली वाटणी, असं मी देवाला तोंडावर विचारलंय.

प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत द्राक्षारस म्हणून प्यायचा रस आमच्या मंडळीत मी करते. माझं माहेर कवठे महांकाळकडचं, तिथून भाऊ बेदाणे पाठवतो. ते गरम पाण्यात भिजवायचे, उकळायचे, कुस्करून फडक्यातून गाळायचे. विकतचा रस आमच्या जुन्या माणसांना चालत नाही. हे काम खरं तर ऐनवेळी करायचं असतं. यंदा घराचं रंगकाम काढलं होतं, म्हणून मी जास्तीचा शहाणपणा केला आणि ईस्टरआधीच्या सोमवारीच रस करून टाकला. फ्रिज बंद पडलेला, तर बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या. उन्हाचा तर कहर होता.

गुरुवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, दुपारी मी अंगणातून आत आले तर हे माठाशेजारी उभे. हातात बाटली, झाकण उघडलेलं. आंबूस वास दारापर्यंत आला होता. तो वास मी कुठेही ओळखेन.

"आंबलंय हे," ते म्हणाले.

"प्यालात?"

"न्हाई अजून."

त्या 'अजून'वर मी दारातून पुढे झाले.

"तू घे हातातनं," ते म्हणाले. "मला खाली ठेवता येईना झालंय."

मी बाटली घेतली. त्यांची बोटं सोडवावी लागली. मग एकेक करून सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि वरून पाणी टाकत राहिले. प्रभूच्या मेजासाठी केलेला रस असा मोरीत जाताना जीव तुटत होता, पण थांबले नाही. हे चौकटीला टेकून बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, यांना लेंतात काही जड जात नाही. हट्टी माणूस, त्यात फौजी, ठरवलं की झालं. आत रोज अशी झटापट चालत असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

उरलेले बेदाणे मी गॅसवर चढवले. रस उकळेपर्यंत हे पाटावर बसून राहिले, पण बायबल काही उघडलं नाही. संध्याकाळच्या उपासनेत प्याल्यातला रस कोमट लागला.

ईस्टरला पाहुणे आले, मटण झालं, गाणी झाली. सगळे गेल्यावर मी भांडी घासायला बसले, मुद्दाम पायरीकडे पाठ करून. थोड्या वेळानं चपलांचा आवाज आला. मी तेच पातेलं घासत राहिले. यंदा तरी, असं मागायचंही मला धाडस झालं नाही.

"आगं," ते पायरीवरून म्हणाले, "तू बी चल. लेंत संपला. आता एकट्यानं भाईर पडायचं लय भ्या वाटतंय."

मी ओले हात पदराला पुसले आणि चपला शोधायला उठले.