रंगाक्कांचा काळा रंग

"सर्ज्या, थांब तितंच. ही पँट कुणी रंगवली?"

रंगाक्कांचा आवाज असा की पंचगंगेच्या घाटावरची धुणी आपोआप पिळली जावीत. सर्जेराव दूधवाल्यानं करकचून ब्रेक मारला. मागच्या दोन्ही किटल्यांतल्या दुधाचं जागच्या जागी ताक झालं, असं तो अजून सांगतो. खिडक्यांतून डोकावणारी तोंडं पटापट आत गेली. सर्जेरावच्या अंगात पँट होती आणि ती जांभळी होती. साधीसुधी नव्हे, जत्रेतल्या सरबतासारखी जांभळी. मिरजेत मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेऊन आक्का आदल्याच संध्याकाळी परतल्या होत्या. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा त्यांनी नुकताच कपाळावर सरकवला होता, आणि नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा गल्ली बघायला त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या.

सर्जेराव काय बोलला ते सांगतो. पण त्याआधी आक्का सांगितल्या पाहिजेत, नाहीतर त्या पँटीची किंमत कळायची नाही.

कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत रंगाक्का विटलेले कपडे पुन्हा रंगवायच्या. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त रेशनकार्डाला ठाऊक असावं. सोप्यात चूल, चुलीवर ॲल्युमिनियमचं पातेलं, हातात कळकाची काठी. पातेलं एवढं की अख्खं पोलीस ठाणं त्यात एका दमात खाकी होऊन निघालं असतं. गरम पाण्यात रंगाची पूड पडायची, मूठमूठ मीठ पडायचं, आणि आक्का काठीनं असं ढवळायच्या की लांबून बघणाऱ्याला वाटावं, गावजेवणाचा रस्सा शिजतोय. एकदा एक पाहुणा खरोखरच वाटी घेऊन आला होता. आक्कांनी त्याला परत पाठवला, पण वाटी आधी निळी करून.

गिऱ्हाईकाला त्या मूळ रंग कधीच विचारायच्या नाहीत. "तुला काय ठावं? दुमडीला इचारू," म्हणायच्या, आणि पायाकडची दुमड दोन बोटं उसवून आत बघायच्या. तिथं ऊन पोचलेलं नसतं, साबण पोचलेला नसतो. कापडाचा पहिल्या दिवसाचा रंग तिथं तसाच असतो. ही सवय पुढं इतकी वाढली की शिरोळला भाचीच्या लग्नात त्यांनी व्याह्याच्या कोटाची बाही सगळ्या वऱ्हाडासमोर उलटी केली. व्याही तासभर नव्या कोटाचं कौतुक सांगत होते. आक्का म्हणाल्या, "पावणं, कोट मूळचा तपकिरी हाय की." मंडपात एवढी शांतता पसरली की सनईवाल्याचा सूर अडकून बसला. व्याही चिडून जेवले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र तोच कोट घेऊन गुपचूप बावड्याला आले. आक्कांनी त्यांना चहा पाजला आणि कोट असा काळा करून दिला की पुढची तीन लग्नं त्यांनी त्यावरच उरकली.

त्यांची दुसरी खोड शिलाईची. सुती कापड रंग गटागट पितं, पण शिवणीचा धागा असतो पॉलिस्टरचा. तो रंगाला तोंड लावत नाही. म्हणून बाहेरून रंगवून आणलेली काळी पँट बघाल तर शिवणीवर पांढुरके टाके रांगेत उभे असतात, तांदळाचे दाणे वाहणाऱ्या मुंग्यांसारखे. बाकीचे रंगारी तशीच पँट हातात ठेवायचे. आक्का दुपारी उंबऱ्यावर बसून कापडावर चालणारा काळा मार्कर घ्यायच्या आणि एकेक टाका अंगठ्यानं चाचपत काळा करायच्या. मग उलट्या बाजूनं इस्त्री. जिल्ह्यात हा उद्योग करणारं दुसरं कुणी नव्हतं, कारण एवढा वेळ कुणाकडंच नव्हता. "कापड गप बसतंय," त्या म्हणायच्या, "शिलाई चहाडी करती."

आता आक्का नाहीत. मी मात्र अजून कुठल्याही दुकानात पँट घेताना आधी दुमड उलटून बघतो, आणि दुकानदार मला वेडा समजून दर कमी करतो.

अभिमान त्यांना भारी. त्यांची लेक पुण्याला नोकरीला. ती दर दिवाळीला येऊन म्हणायची, आई, पुरे झालं, माझ्याकडं चल. आक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तिला उत्तर द्यायच्या, "ज्या दिवशी कोण म्हणंल की आक्का, रंग चुकला, त्या दिवशी चूल विझवतो आन् तुझ्या दारात येऊन टीव्ही बघत बसतो. तवर न्हाय." हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ झालं असावं. आणि आक्का एकदा बोलल्या की बदलायच्या नाहीत.

म्हणूनच पुढं पंचाईत झाली.

पहिली पँट माझी. काळी करायला दिली होती, जांभळी आली. मी तावातावानं भांडायला गेलो. आक्का खिडकीशी पँट दोन्ही हातांनी धरून, कापडाला नाक टेकवून उभ्या होत्या. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "बघ, कशी झाल्या. कावळ्यागत." मी त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. बुबुळांवर दुधाची साय धरावी तसं काहीतरी होतं. मी म्हणालो, "झकास, आक्का." आणि त्या जांभळ्या पँटीत ऑफिसला गेलो. साहेबांनी विचारलं, तमाशाचा फड काढलाय का?

मग एकेकाची पाळी आली. मेंदी रंगाचे शर्ट मोरपंखी झाले, निळ्या साड्या विजेसारख्या लखलखायला लागल्या. आमच्या गल्लीला बारा महिने रंगपंचमी. सर्जेरावची तर म्हैस त्याला ओळखेना. जांभळ्या पँटीकडं बघून ती पान्हाच सोडेना, तेव्हा तो लुंगी गुंडाळून धार काढायला लागला. आता आमची माणसं कशी, तुम्हाला माहीत आहे. आमटीत मीठ कमी असेल तर जेवायला बोलावणाऱ्याच्या तोंडावर सांगणारी. कुणाचं नाक वाकडं असेल तर तेही. पण आक्कांच्या दारात गेली की ही सगळी तोंडं शिवल्यासारखी. 'रंग चुकला' हे दोन शब्द कोण बोलणार? बोलला की चूल विझली. उलट बायका मुद्दाम चांगल्या साड्याही नेऊन देऊ लागल्या, आक्कांना काम कमी पडल्याचा संशय येऊ नये म्हणून.

शेवटी लेकच दिवाळीला आली. आक्कांनी तिला चहा ओतला तो कपाच्या शेजारी, बशीबाहेर. लेकीनं आक्कांना रिक्षात घातलं आणि मिरजेला नेलं.

इकडं गल्लीत पळापळ. आक्का डोळे घेऊन परत येणार, म्हणजे सगळा रंग त्यांना दिसणार. रातोरात कपडे ट्रंकांत गेले, माळ्यावर गेले, एकानं तर म्हणे विहिरीत सोडले आणि सगळं पाणी जांभळं झालं. अडकला तो सर्जेराव. त्याच्या होत्या-नव्हत्या तेवढ्या पँटी आक्कांनीच रंगवल्या होत्या. लुंगीवर मोटारसायकल चालवून बघितली, पण बावड्याच्या वाऱ्यानं अब्रू घालवली. म्हणून त्या सकाळी तो जांभळ्या पँटीत, मान खाली घालून, आक्कांच्या दारावरून निघाला होता. आणि आक्कांनी त्याला थांबवलं होतं.

सर्जेराव म्हणाला, "इचलकरंजीस्नं रंगवून आणली, आक्का. तुमी मिरजंला गेलता की."

आक्का उंबरा उतरून खाली आल्या. वाकल्या आणि त्याच्या पायाची दुमड उलटी केली. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. जांभळ्या कापडावर शिवणीचे टाके दिसत होते, एकेक टाका मार्करनं काळा केलेला, एकही न सुटलेला. आक्कांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग सावकाश मान वर करून गल्लीभर बघितलं. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी लपवायची राहिलेली मोरपंखी बाही दोरीवर हलत होती. दोन घरं सोडून माझी पँट होती. बायको आत घ्यायला विसरली होती.

कुठं भांडं वाजलं नाही, कुठं खोकला आला नाही. बंद दारांमागं सगळी गल्ली उभी होती.

मग त्यांनी दुमड नीट खाली केली, हात पदराला पुसले आणि सरळ झाल्या.

"हात चांगला हाय इचलकरंजीवाल्याचा," आक्का म्हणाल्या. "रंग तेवढा चुकलाय. ठेव हितं, चूल पेटवतो."