पक्का दोरा आणि आईची लुगडी

गोधडी शिवणाऱ्या मैत्रिणींनो, हात दुखतायत, तरी मुलीच्या कॉम्प्युटरवर बसून लिहिते.

आई गेल्यावर तिची सुती लुगडी मी विंचूरहून इंदिरानगरला घेऊन आले होते. गेल्या आठवड्यात मशीनवर त्यांची गोधडी शिवली. आयुष्यभर उसवायला नको, म्हणून दुकानातला सगळ्यात पक्का नायलॉनचा दोरा घेतला आणि बारीक टीप मारली.

आज सकाळी ती पहिल्यांदा धुतली. दोरीवर टाकताना ओल्या गोधडीचं वजन आलं आणि कापड टिपेच्या रेषेत फाटत गेलं. दोरा कुठेच तुटला नाही.

सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "जुनेराला साधा सुती दोराच घालावा गं. ओढ बसली तर दोरा तुटतो, तो परत घालता येतो. लुगडं कुठून आणशील?"

दुपारपासून उसवतेय. दोरा अजून नव्यासारखा निघतोय.

आता फाटलेल्या जागी ठिगळाला मऊ, जुनं सुती कापड हवंय. माझं कपाट उघडून बघितलं, तर सगळ्या साड्या सिंथेटिक. तुमच्यापैकी कुणाच्या आईचं एखादं लुगडं उरलंय का?