बापाची पारख

मांजरी गावातल्या बसथांब्यावर एक आजोबा रोज बसलेले दिसत. बस मात्र कधी पकडत नसत. दक्षिणेत त्यांनी आयुष्यभर पामतेल देणाऱ्या तेलमाडांची आईबाप झाडं निवडून जास्त तेलाची वाणं काढली होती. आमच्या सोसायटीच्या शोभेच्या माडाकडेही ते मान तिरकी करून बघत, स्थळ पाहायला आल्यासारखे.

"आई भरघोस घडांची निवडायची," एकदा म्हणाले. "बापाला मात्र बहुधा फळच धरत नाही."

"मग तो चांगला, हे कळतं कसं?"

"लेकरांवरून."

तेवढ्यात त्यांची लेक स्कूटरवरून आली. "बाबा, मफलर परत विसरलात?" असं खेकसत तिनं स्वतःची ओढणी त्यांच्या कानांभोवती घट्ट गुंडाळली.

ओढणीतून आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय, झालो का पास?"